निवृत्तांचे इतिवृत्त

'इतिवृत्त' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक घर पुण्याचे. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली आणि मंडळाने आपल्या आरंभीच्या वार्षिक खंडांना 'इतिवृत्त' असेच नाव दिले. दफ्तरांतून, देवघरांतून, माळ्यांवरून हाती आलेले कागद, त्यांवरील टिपणे आणि सभांचे अहवाल या खंडांत शेजारी शेजारी छापले गेले. दुसरे घर मात्र गावोगावचे आहे. कोणत्याही नोंदणीकृत संस्थेच्या सभेची विषयपत्रिका उघडावी. पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. पहिल्या घरच्या इतिवृत्तावर आपल्याकडे शतकभर लिहिले गेले. दुसऱ्या घरचे इतिवृत्त कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही, इतिहास म्हणून तर नाहीच; ते 'वाचून कायम' होते आणि कपाटात जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय हे दुसरे घर आहे, आणि त्यातही त्याची एक खोली: तालुक्याच्या गावी चालणारा सेवानिवृत्तांचा संघ व त्याची दप्तरे. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुका डोळ्यांसमोर ठेवून हा विचार केला आहे. पुणे-मुंबईच्या ज्येष्ठ नागरिक संघांवर वृत्तपत्रांतून काही ना काही येत असते. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एखाद्या गावी 'निवृत्त' ही जात कशी जन्माला आली, हे कुणी विचारीत नाही. जात हा शब्द येथे जाणून वापरला आहे. पेन्शनीचा पट्टा हा गावातील एक नवा सामाजिक स्तर होता, आणि त्याला जन्मसाल आहे.

महागावचा मुलूख पूर्वी पुसद तालुक्यात मोडत असे, आणि पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात. त्या वर्षी वाशीम जिल्हा मोडला, पुसद यवतमाळकडे आला आणि तोवर 'वणी जिल्हा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच्या मागे वऱ्हाडचा सारा गुंता आहेच: १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ साली तो कायमच्या भाडेपट्ट्याने दिला, १९०३ पासून कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालू लागला, १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. एकाच गावच्या कागदांनी शंभर वर्षांत इतक्या राजधान्या पाहिल्या. परंतु या साऱ्या काळात गावात सरकारी चाकर किती? पटवारी, पोलीस पाटील, कोतवाल, पाच-दहा मास्तर. यांतल्या बहुतेकांना पेन्शन नव्हती. वतन होते, आणि वतनदार कधी निवृत्त होत नसतो. तो मरतो, आणि वतन मुलाकडे जाते.

गावात निवृत्त माणूस संख्येने दिसू लागण्यासाठी आधी तो संख्येने नोकरीला लागावा लागतो. ही गोष्ट महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १ मे १९६२ नंतर घडली. त्या दिवशी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, विस्तार अधिकारी अशी माणसांची एक फौजच या यंत्रणेने तालुक्या-तालुक्यात उभी केली. ज्या समितीच्या अहवालावरून हा कायदा झाला, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक. ते पुसद तालुक्यातील गहुलीचे, म्हणजे महागावच्या शेजारचे. पुढे १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. १९६२ मध्ये वीस वर्षांचा असताना शिक्षक म्हणून लागलेला मुलगा अठ्ठावन्न वर्षांचा केव्हा होतो, याचे गणित सोपे आहे: २००० साली. ज्यांची भरती थोड्या मोठ्या वयात झाली ते १९९०च्या सुमारास मोकळे झाले. तालुक्याच्या गावांतून ज्येष्ठांचे आणि सेवानिवृत्तांचे संघ विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आणि त्यानंतर गजबजू लागले, त्याचे कारण 'समाजात वृद्धांविषयी आलेली जाणीव' हे जे सांगितले जाते ते अर्धेच आहे. दुसरे अर्धे कारण हजेरीपटात आहे. १९६२ची भरती निवृत्त झाली.

त्याच काळात बाहेरही काही घडत होते. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिन ठरवला, १९९९ हे वर्ष ज्येष्ठांचे वर्ष म्हणून पाळले गेले आणि त्याच वर्षी भारत सरकारचे ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण आले. महाराष्ट्रातील संघांचा महासंघ, जो फेस्कॉम या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो, तो तर १९८०पासून होता. तरी या सगळ्यांपेक्षा पेन्शनरांच्या मनात मोठी तारीख १७ डिसेंबर १९८२ ही आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठ, निकालपत्र न्या. दे. अ. देसाई यांचे. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या अलीकडे-पलीकडे निवृत्त झालेल्यांत भेद करता येणार नाही, आणि पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे, तो हक्क आहे, असे त्यात ठरले. दरवर्षी १७ डिसेंबरला निवृत्तांच्या संघांतून 'पेन्शनर्स डे' साजरा होतो तो यासाठी. दिवाणी निकालाची जयंती करणारा दुसरा समाजगट निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

संघाचे वर्ष कसे जाते? १ ऑक्टोबर, १७ डिसेंबर हे दोन ठरलेले दिवस. नोव्हेंबर महिना हयातीच्या दाखल्याचा: आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सिद्ध करायचे. २०१४च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' ही बोटाच्या ठशावर चालणारी सोय आली, आणि ज्यांच्या बोटांच्या रेषा वयाने व कामाने पुसट झाल्या त्यांना यंत्र ओळखेना. तेव्हा पुन्हा संघातील एखादा खटपट्या गृहस्थ सोबत जातो. संक्रांतीचे तिळगूळ, कोजागरीचे दूध, एखाद्या डॉक्टरला बोलावून रक्तदाब-साखरेची तपासणी, पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. सहल बहुधा देवस्थानाकडे: महागावकरांना माहूर पैनगंगेपलीकडे जवळच, त्याहून लांब शेगाव, आणखी लांब पंढरपूर. मुंबईत १९९५ साली उद्यानात सुरू झालेला हास्य क्लब महाराष्ट्रभर पसरला. परंतु विदर्भात सभेच्या आरंभी म्हटली जाणारी सामुदायिक प्रार्थना त्याच्या कितीतरी आधीची. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी ती गावोगाव रुजवली होती, आणि निवृत्तांच्या संघाला ती आयती मिळाली. एकत्र बसणे, वेळेवर बसणे, एका सुरात काही म्हणणे आणि मग हिशेब सांगणे, हा शिरस्ता विदर्भातल्या खेड्याने पेन्शनीच्या आधीच गिरवलेला होता.

येथपर्यंतचे सारे कोणत्याही स्मरणिकेत सापडेल. खरी रंजक वस्तू आहे ती संघाचे 'प्रोसिडिंग'. इतिवृत्त हा शब्द कागदावर, बोलण्यात प्रोसिडिंगच. ते लिहिण्याची कायद्याने सक्तीच आहे. किमान सात माणसे एकत्र आली की १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था नोंदता येते, आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे तिची दुसरी नोंद होते. मग जमाखर्च ठेवणे आले, वर्षाचे लेखापरीक्षण आले, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत 'चेंज रिपोर्ट' दाखल करणे आले. त्या चेंज रिपोर्टला जोडायला सभेची सूचना, हजेरी आणि ठरावाची नक्कल लागते. बहुतेक संस्थांची इतिवृत्ते याच एका भीतीने जिवंत राहिली आहेत. गंमत अशी की ज्या संघात चार निवृत्त मुख्याध्यापक आणि दोन निवृत्त अव्वल कारकून आहेत, तेथे ही भीती नसते. तेथे हौस असते. कीर्द, खतावणी, पावतीपुस्तक, आजीव सभासदांची नोंदवही, आवक-जावक, हजेरीपट: साठ सभासदांच्या संघाला आवक-जावक नोंदवहीची गरज काय, असे विचारू नये. ज्याने छत्तीस वर्षे आवक-जावक सांभाळली त्याच्या हातून क्रमांक न घालता पत्र सुटणार नाही.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे असे मला वाटते. महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० साली निघाले, राजभाषा अधिनियम १९६४चा. त्यापूर्वीच्या वऱ्हाडात वरच्या कचेरीचा कागद इंग्रजीत आणि खालचा मराठीत, अशी वाटणी होती. खालच्या कागदातही मोडीचा वापर दीर्घकाळ चालला. १९६२ ते १९७०च्या दरम्यान नोकरीला लागलेली पिढी ही मराठीतून टिपणी लिहिणारी, मराठीतून अहवाल पाठवणारी पहिली मोठी पिढी होय. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सबब', 'तरी याबाबत उचित कार्यवाही व्हावी' ही भाषा आपण वर्गात टिंगलीसाठी वापरतो. या पिढीने ती भाकरीसाठी वापरली आणि निवृत्तीनंतर, कुणी सांगितले नसताना, प्रोसिडिंगात पुन्हा वापरली. शासकीय मराठी स्वखुशीने लिहिली जाते अशी दुसरी जागा मला दिसत नाही.

या गद्याची घडण पाहा. कर्ता नाहीसा होतो. 'सर्वानुमते ठरले', 'चर्चेअंती मंजूर करण्यात आले'. सूचक आणि अनुमोदक यांची तेवढी नावे येतात, जणू गावात दोनच माणसे बोलली. भांडण असते, ते एका शब्दात मावते: 'सविस्तर चर्चा झाली'. ज्याने अशा सभा पाहिल्या आहेत त्याला 'सविस्तर' म्हणजे आवाज किती चढला होता हे कळते. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हा शेवटचा विषय म्हणजे या वाङ्मयप्रकारातील एकमेव खिडकी. सगळे खरे विषय तेथूनच आत येतात: बसस्थानकावर ज्येष्ठांना बसायला बाक नाही, अमक्याची पेन्शन चार महिने अडकली आहे, तमक्याचा मुलगा त्याला पाहत नाही. हा शेवटचा विषय संघाने हाताळला तर २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, आणि न हाताळला तर इतिवृत्तात 'सदर विषयी सभासदांनी चिंता व्यक्त केली' एवढीच ओळ उरते. मराठी रंगभूमीने म्हातारपण पाहिले ते नेहमी घराच्या चार भिंतींत. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७०चे. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' त्याच दशकातले. मुलांनी दुरावलेली म्हातारी माणसे आपल्या नाटकाने अजरामर केली. परंतु ती माणसे संध्याकाळी कुठे बसायला जातात, कुणापाशी मन मोकळे करतात, यात नाटककारांना रस नव्हता. आप्पा बेलवलकर एखाद्या संघाचे सभासद असते तर नाटक उभे राहिले नसते, हे मान्य. पण समाजाचा इतिहास नाटकाच्या सोयीने घडत नसतो.

इतिवृत्तातील सर्वांत मोलाचा मजकूर म्हणजे शोकप्रस्ताव. येथे जरा रेंगाळावे लागेल. तालुक्यातला एखादा निवृत्त शिक्षक वारला की त्याच्या मृत्यूची नोंद तीन ठिकाणी होते. ग्रामपंचायतीत, १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार: नाव, दिनांक, वय, कारण. कोषागारात: पेन्शन बंद, कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू. आणि संघाच्या प्रोसिडिंगात. पहिल्या दोन नोंदी त्याचे मरण सांगतात. तिसरी त्याचे आयुष्य सांगते, आणि तेही एका विशिष्ट नमुन्याने: कोणत्या साली कोणत्या गावी रुजू झाले, तेथून बदली कुठे, मग कुठे, कोणती शाळा एकशिक्षकी होती, कोणत्या शाळेची इमारत लोकवर्गणीतून उभी केली, कोणत्या पुरात गुडघाभर पाण्यातून पटनोंदणीला गेले, केव्हा केंद्रप्रमुख झाले. हा नमुना कुठून आला हे ओळखायला फार शोध घ्यावा लागत नाही. तो सेवापुस्तकाचा नमुना आहे. शासनाने माणसाच्या आयुष्याला जे रकाने दिले, त्याच रकान्यांत त्याच्या मित्रांनी त्याला निरोप दिला. यात कुणाला रुक्षता दिसेल; मला त्यात एक अदब दिसते. आणि इतिहासाच्या दृष्टीने पाहता तालुक्यातील शाळा केव्हा निघाल्या, कोणी चालवल्या, कोणत्या वस्तीवर शिक्षक टिकत नव्हता, याची इतकी दाट माहिती एकत्र देणारे दुसरे साधन क्वचितच असेल. शिक्षण खात्याच्या फायली मुदत संपली की नष्ट करण्याचा नियम आहे; 'क' आणि 'ड' वर्गाचे कागद काही वर्षांतच जातात. शोकप्रस्तावाला असा वर्ग नाही.

निवृत्ती आणि इतिहासलेखन यांचे नाते मराठीला नवे नाही. लोकहितवादी १८७९ साली न्यायखात्यातून निवृत्त झाले आणि पुढेही लिहीत राहिले. चिंतामणराव वैद्य ग्वाल्हेर संस्थानच्या न्यायाधीशपदावरून मोकळे झाल्यानंतरच मध्ययुगीन भारताच्या इतिहासाकडे पूर्ण वळले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९२५ मध्ये बडोद्याची नोकरी सोडली, कामशेतला घर केले, आणि त्यानंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. १९३० ते १९३४ या अवघ्या चारपाच वर्षांत ते छापून निघाले. संस्थानी कारकिर्दीत सरदेसायांना लागलेली शिस्त या खंडांच्या पानापानावर दिसते. आज इतिहासाचे विद्यार्थी ज्या कागदांवर प्रबंध लिहितात त्यांतील फार मोठा भाग एका पेन्शनराच्या चिकाटीने छापला गेला, हे लक्षात ठेवावे. मात्र त्या दफ्तरातील कागद तरी मुळात काय होते? रोजकीर्दी, ताळेबंद, पत्रांच्या नकला. कोणी कारकुनाने कर्तव्य म्हणून, किंवा हात थांबत नाही म्हणून लिहिलेले. ते लिहिताना हे साधन ठरेल असे त्याच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पेशव्यांच्या रोजकीर्दीला आपण साधन म्हणतो आणि पंचायत समितीच्या निवृत्त अधीक्षकाने लिहिलेल्या कीर्दीला रद्दी; या दोहोंत फरक आहे तो दीडदोनशे वर्षांचा.

तथापि साधनाची स्तुती करताना त्याच्या आंधळ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे, आणि महागावच्या बाबतीत ती बाजू फार मोठी आहे.

निवृत्त होण्यासाठी सेवेत असावे लागते. शेतकरी सेवेत नसतो. मजूर नसतो. कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या या तालुक्यात साठीपुढचा बहुसंख्य माणूस कधीच निवृत्त होत नाही. शरीर नाही म्हणेपर्यंत तो शेतावर जातो. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण सुमारे ९.९ टक्के आहे, देशात ८.६ टक्के. त्यांतले पेन्शन घेणारे थोडे. म्हणजे संघाचे दप्तर कितीही नेटके असले तरी ते गावातील म्हाताऱ्यांचे दप्तर नव्हे, ते गावातील पगारदारांच्या उत्तरायुष्याचे दप्तर आहे. काही संघांनी 'सेवानिवृत्त' हा शब्द काढून 'ज्येष्ठ नागरिक' हा शब्द घेतला तो याच अडचणीतून. पण नाव बदलल्याने वर्गणी भरण्याची ऐपत बदलत नाही, आणि सकाळी दहाच्या सभेला शेतकरी येत नाही.

याच महागाव तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तेथील साहेबराव करपे हे काही काळ गावचे सरपंच होते, भजनाचे शौकीन होते, शेती मोठी होती. १९ मार्च १९८६ रोजी वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ दत्तपूर येथे त्यांनी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. मागे चिठ्ठी ठेवली. शेती करून जगणे अशक्य झाले आहे असा तिचा आशय होता. महाराष्ट्रातील जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून आज या घटनेचा उल्लेख होतो. 'नोंदली गेलेली' या शब्दांवर मी मुद्दाम भर देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत आत्महत्या करणाऱ्यांच्या व्यवसायात शेती हा रकाना आला तो १९९५पासून. म्हणजे करपे कुटुंब गेले तेव्हा शासनाच्या वहीत या मृत्यूसाठी जागाच नव्हती. नऊ वर्षांनंतर ती झाली. पुढे शासनाच्या एक लाखाच्या मदतीचे निकष ठरले आणि तहसील कार्यालयात नवे रकाने आले: 'पात्र' आणि 'अपात्र'. २००६च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भाच्या दौऱ्यावर आले आणि त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होते. हे पात्र-अपात्रचे तक्ते ज्या कारकुनांनी भरले तेही आज निवृत्त झाले आहेत, किंवा होत आहेत. त्यांच्या संघाच्या सभेत त्यांनी काय सांगितले असेल? इतिवृत्ताची भाषा जर 'सविस्तर चर्चा झाली' एवढीच राहणार असेल, तर जिल्ह्याच्या इतिहासातील एका भयंकर कालखंडाचे सर्वांत जवळचे साक्षीदार आपल्याच नोंदवहीत मुके राहतील. तक्ता भरणाऱ्याला माहीत असते की 'अपात्र' हा शेरा कोणत्या सातबाऱ्यावरच्या कोणत्या नावामुळे पडला. कर्ज मुलाचे आणि जमीन बापाच्या नावे, की कर्ज सावकाराचे म्हणून कागदच नाही. हे ज्ञान सेवेत असताना लिहिता येत नाही. निवृत्तीनंतर लिहिता येते.

१९ मार्च हा दिवस जपला तो कुणा कचेरीने नव्हे. अमर हबीब यांच्या पुढाकाराने किसानपुत्र आंदोलनाने २०१७पासून त्या दिवशी एक दिवसाचा अन्नत्याग सुरू केला, आणि तो ठिकठिकाणी पाळला जातो. यवतमाळला २०१९च्या जानेवारीत ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटक म्हणून निमंत्रित नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, वाद पेटला, आणि शेवटी उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या व्यासपीठावर एका शेतकरी विधवेने जे सांगितले त्यासाठी आपल्या साहित्यसंस्थांच्या कोणत्याही इतिवृत्तात आधी रकाना नव्हता. तो त्या दिवशी अपघाताने निर्माण झाला, असेच म्हणावे लागेल.

स्त्रियांचा प्रश्नही येथेच येतो. संघाच्या सभासदयादीत स्त्रिया असतात त्या बव्हंशी निवृत्त शिक्षिका आणि परिचारिका, किंवा कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवा. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या अंगणवाड्या पुढे गावोगाव पसरल्या. ज्या बायांनी त्या चालवल्या त्यांना पगार नव्हे, मानधन मिळाले. मानधनाला पेन्शन नसते. त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या एप्रिलमध्ये सांगितले, म्हणजे योजना सुरू झाल्यावर शेहेचाळीस वर्षांनी. तीस वर्षे अंगणवाडी चालवून घरी बसलेली बाई निवृत्त आहे की नाही? सेवापुस्तक नाही, म्हणून तिच्यावरच्या शोकप्रस्तावाला नमुनाही नाही. काही संघ अशा बायांना सत्काराला बोलावतात. सभासद करून घेतात असे अजून फारसे दिसत नाही.

आता या साऱ्याला लागलेल्या मुदतीविषयी. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. २०२३च्या मार्चमध्ये याच मागणीसाठी राज्यभरचे कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. २०२४ साली शासनाने सुधारित योजनेचा पर्याय पुढे केला. वाद चालू राहील. परंतु इतिहासाच्या अंगाने पाहता एक चित्र स्पष्ट आहे. १९६२च्या यंत्रणेने जो पेन्शनदार वर्ग घडवला, त्याची शेवटची मोठी तुकडी, म्हणजे २००५च्या आत लागलेली, साधारण २०४०पर्यंत निवृत्त होईल. त्यानंतरचे निवृत्त वेगळे असतील: कदाचित साठीनंतरही कुठे शिकवणी, कुठे दुकान, कुठे विम्याची एजन्सी करणारे. रोज सकाळी दहाला येऊन बसण्याची फुरसत पेन्शनीने दिलेली होती. ती फुरसत ज्यांना नसेल त्यांचा संघ कसा असेल, त्याचे प्रोसिडिंग कोण लिहील?

तोवर प्रोसिडिंगच बदलू लागले आहे. सभेची सूचना व्हॉट्सअॅपवर जाते, शोकसंदेश तेथेच वाहून जातो: शंभर हात जोडलेली चिन्हे आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कोणत्या साली कोणत्या गावी रुजू झाले, हे कुणी लिहीत नाही. वहीत लिहिणारा चिटणीस ऐंशीचा झाला. त्याच्या मागे कोण, हा प्रश्न प्रत्येक वार्षिक सभेत 'ऐनवेळच्या विषयां'त निघतो आणि पुढील सभेवर जातो. चिटणीस गेला की वह्या त्याच्या घरी. घर मुलाचे. मुलगा पुण्याला किंवा नागपूरला. पुढचे सांगायला नको. महाराष्ट्रातल्या अनेक मोडी रुमालांचे जे झाले तेच.

यावर मार्ग अवघड नाही. यवतमाळला शारदाश्रमाने य. खु. देशपांडे यांच्या परिश्रमाने हस्तलिखिते आणि ऐतिहासिक कागद जमवले, ते महानुभाव पोथ्यांच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. जिल्ह्याला कागद राखण्याची परंपरा आहे. ती सोळाव्या शतकापाशी थांबवण्याचे कारण नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी ग्रंथालये तालुक्यांतून आहेत. संघाने दर पाच वर्षांनी पूर्ण झालेली वही त्या ग्रंथालयात जमा करावी, पोच घ्यावी आणि पोचपावती नव्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी प्रकल्पलेखनासाठी दरवर्षी त्याच त्या कादंबऱ्या देण्याऐवजी दोन विद्यार्थ्यांना अशी एक वही द्यावी: शोकप्रस्तावांतील गावांची यादी करा, सालवार शाळा मांडा, 'सविस्तर चर्चा झाली' असे जेथे जेथे लिहिले आहे तेथे खूण करा, आणि मग ती वही घेऊन हयात सभासदांकडे जा. चर्चा काय झाली होती ते विचारा. पात्र-अपात्रचे तक्ते भरलेल्या माणसाकडे आधी जा. तो अजून सकाळी दहाला येऊन बसतो.